जागलीची गाडी

दिवाळीचे आकाशकंदील उतरले, की सकाळी दुकानाचं शटर हाताला गार लागतं. नागपुरात माझं शिलाईचं दुकान आहे. समोर मोबाईलवाला, बाजूला झेरॉक्सवाला, रस्त्यावर ऑटोंची पोंपों. धानाशी या गल्लीचा काडीचा संबंध नाही. तरी त्या गार लोखंडाला हात लागला, की मला माझ्या माहेरचा, एकोडीचा वास येतो. नुकत्या कापलेल्या धानाचा, ओल्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या गवताचा, पहाटे बोडीच्या, आमच्या शेततळ्याच्या पाण्यावरून येणाऱ्या धुक्याचा. मग दिवसभर माप चुकतं. परवा एका बाईच्या ब्लाऊजची बाही मी दोनदा उसवली. ती म्हणाली, "ताई, लक्ष कुठं आहे?" आता तिला काय सांगू?

लक्ष होतं फोनवर. बाबा बोलावतात का, याकडे. आणि नुसतं मला नाही, गाडीला बोलावतात का, याकडे.

गाडी दारात उभी आहे. हिरवी, जुनी, उंच टपाची. मूळची ती पेशंटची गाडी, म्हणजे ॲम्ब्युलन्स. माझ्या नवऱ्याला, मनोहरला, भंगारात गेलेल्या वस्तूंची दया फार. त्याने ती आणली, आतून सगळी उकलली, आणि वर्षभर सुट्टीच्या दिवशी तिच्यात घुसून बसला. झोपायला फळी, एक छोटा ओटा, पाण्याची टाकी. गाद्या आणि पडदे माझे. पडद्यांना मी आतून गोधडीचं अस्तर लावलं, म्हणून ते एवढे जड आहेत की ओढताना दांडा कुरकुरतो. आमचा बेत होता म्हातारपणी फिरायचा. नर्मदा बघायची, समुद्र बघायचा. पण तिचा पहिला लांबचा मुक्काम पडला तो माझ्या माहेरच्या शेतात, धानाच्या पुंजण्याशेजारी.

पुंजणा म्हणजे कापलेल्या धानाच्या भाऱ्यांची रास. मळणीचं मशीन ज्याच्या त्याच्या नंबराने येतं, आणि नंबर लागेपर्यंत वर्षाची सगळी मेहनत शेतात उघड्यावर असते. रानडुकरं येतात, मोकाट जनावरं येतात, कधी दोन पायांचीही येतात. म्हणून जागल. आमच्याकडे जागल बाबांची. त्यांच्या आधी त्यांच्या बापाची. लहानपणी मी हट्टाने त्यांच्यासोबत जायची. तणसाची, म्हणजे धानाच्या वाळल्या काड्यांची, बुटकी झोपडी असायची. खाली तणस, वर तणस, बाजूंनी खोचलेलं तणस. आत शिरलं की अंगाला काड्या टोचायच्या आणि पाच मिनिटांत ऊब यायची. दाराशी शेकोटी. तिच्यात बाबा रताळी पुरायचे आणि मी डोळे मिटेपर्यंत विचारत राहायची, "झाली का?" रताळी नेहमी सकाळी खाल्ली. पण इतकं सुखाचं झोपणं मला पुढे कुठल्या गादीवर मिळालं नाही, खरंच सांगते.

तर अशी ती जागल. दोन हिवाळ्यांआधी याच जागलीत बाबांच्या छातीत कफ धरला आणि भंडाऱ्याला दवाखान्यात नेण्याची वेळ आली. वाचले. सुट्टी देताना डॉक्टरीणबाई स्वच्छ बोलल्या, "थंडी नको आणि धूर नको. दोन्ही बंद." बाबांनी मान डोलावली. घरी आल्यावर माय म्हणाली, "म्हंजे जागल बंद." त्यावर त्यांनी मान डोलावली नाही.

पुढचं वर्ष त्यांचं कसं गेलं ते मी फोनवर ऐकत होते. रोवणी झाली, निंदण झालं, धान लोंबीवर आलं. दर वर्षी या दिवसांत बाबांचा आवाज चढतो. त्या वर्षी उतरत गेला. "काय करून राहिले बाबा?" विचारलं, की माय म्हणायची, "काय करतीन? खाटेवर बसून रस्ता पाहून राहिले." जेवण कमी झालं. ज्या माणसाला झिंगे-वांग्याची भाजी दिसली की ताटाशेजारी मांडी घालून आधीच बसायची सवय, तो म्हणायला लागला, "ठेव, मंग खाईन." मला भीती वाटली. सरळ सांगते, छातीच्या दुखण्यापेक्षा या 'मंग खाईन'ची जास्त भीती वाटली.

तेव्हा मनोहर म्हणाला, "गाडी ने ना. तिच्यात थंडी नाही, धूर नाही."

आता इथे गाडीच्या उजेडाचं आणि उबेचं सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सीटखाली एक जादा बॅटरी. टपावरच्या सोलर पाटीवर ती दिवसा चार्ज होते, आणि गाडी चालली की इंजिनवरही होते. इंजिनची बॅटरी वेगळी, घरची वेगळी, म्हणजे रात्री कितीही दिवे जाळले तरी सकाळी गाडी सुरू व्हायला अडत नाही. दिवे तीन प्रकारचे. छताला पांढरी पट्टी, फळीशेजारी वाचायचा छोटा पिवळा दिवा, आणि दाराबाहेर एक, वेगळ्या बटणाचा. आणि हीटर. पावाच्या लादीएवढी पेटी. गाडीच्याच टाकीतून थेंब थेंब डिझेल घेते, आतल्या आत जाळते, आणि जाळीतून गरम वारा सोडते. जळल्याचा धूर एका नळीने गाडीच्या पोटाखालून बाहेर. सुरू केला की आधी टिकटिक, मग पंख्याची घूं, आणि थोड्या वेळात पावलं उबदार. बंद करताना मात्र बटणानेच बंद करायचा, कारण पंखा आणखी थोडा वेळ फिरून त्याला निववतो. शिवाय भिंतीला एक छोटा भोंगा, विषारी धूर आत आला तर वाजणारा.

हे सगळं समजावून घेऊन मी गाडी काढली. लाखनीला ट्रकांच्या रांगेत चहा घेतला, साकोलीहून वळले आणि एकोडीत शिरले. चावडीपाशी पहिला प्रश्न आला, "पेशंट कोन हाये गा?" हिरवा रंग दिला तरी आकार थोडाच बदलतो! घरापर्यंत पोचेस्तोवर निम्मं गाव मागे. बाबा खाटेवरून उठले, गाडीभोवती एक चक्कर मारली, आणि माझ्याकडे असं पाहिलं की बस्स.

"मले पेशंटच्या गाडीत निजवतं का व बाई? अजून मेलो नाही मी."

"पेशंटची नाही, जागलीची गाडी आहे," मी म्हणाले. "चला शेतात."

"शेतात?" म्हणाले. आणि चप्पल शोधायला लागले. मायच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडाने ती म्हणाली, "पाहा, आता कसे पाय फुटले."

ते दिवस किती छान गेले! दिवसा मी पुंजण्याच्या सावलीत बसून सोबत आणलेले ब्लाऊज हाताने काजं करून पुरे करायची. बाबा लाखोळीची डाळ पेरलेल्या बांध्या, म्हणजे धानाचे तुकडे, फिरून यायचे, कोणाची कापणी कुठवर आली ते सांगायचे. संध्याकाळ उतरली, की आम्ही दोघं गाडीत. पहिल्या संध्याकाळी मी मोठ्या कौतुकाने छताची पट्टी लावली. आत लख्ख दिवस. बाबा डोळे किलकिले करून म्हणाले, "बंद कर."

"का? बॅटरी भरलेली आहे, वाया नाही जात."

"वाया जायाची गोष्ट नोहे. आत उजेड असला तं बाहेरचं काय दिसते? डुक्कर तुह्या नाकासमोर उभा राहीन तरी समजनार नाही."

बटण दाबलं. क्षणभर काळोख, आणि मग हळूहळू खिडकीतून सगळं उगवलं. पुंजणा, धुरा, बोडीच्या पाळीवरची मोहाची झाडं, पाण्यावर पडलेलं चांदणं. शहरात मी दिवे लावून बघते. तिथे दिवे घालवून बघायला शिकले. तेव्हापासून आमचा नियम ठरला, आतली पट्टी फक्त जेवताना, एरवी फळीजवळचा पिवळा दिवा, तोही माझी जुनी ओढणी बांधून मंद केलेला. बाहेरचा दिवा खुसफुस ऐकू आली तरच. ते बटण बाबांच्या हाताशी. त्यांना त्याचा एवढा शौक लागला की उंदीर पळाला तरी दिवा. बाजूच्या शेतातले जागलीवाले ओरडून विचारायचे, "का गा, काय होय?" आणि हे खिडकीतून रुबाबात, "काई नाही, चेकिंग होय!"

हीटरचं मात्र त्यांना पटत नव्हतं. ऊब आवडायची, हात जाळीपुढे धरून बसायचे. पण आग दिसत नाही आणि आंग गरम होते, याचा त्यांना राग यायचा. "हे कायची चूल? ना लाकूड ना निखारा." आणि दुसरी तक्रार, "खालून वारा लागते." ते खरंच होतं. गाडीचं पोट जमिनीपासून वर, त्याखालून बोडीवरचा वारा सळसळत जायचा आणि फळीच्या तळातून गारवा वर यायचा. मी म्हणाले, मनोहरला सांगते, पुढच्या वेळी खाली थर्मोकोल लावेल. बाबा "हूं" म्हणाले.

तो "हूं" मला तेव्हाच कळायला हवा होता. आमच्याकडे आयुष्यभर थंडीला एकच उत्तर आहे. घराला लागू दे, गोठ्याला लागू दे, जागलीच्या झोपडीला लागू दे, उत्तर तणस.

त्या दिवशी दिवेलागणीला मी घरून डबा आणायला गेले. निघताना हीटर लावून दिला, म्हणजे येईस्तोवर गाडी गरम होईल. मायने गरम भात, वरण, झिंगे-वांगे बांधून दिले आणि नेहमीप्रमाणे दारात आणखी दहा गोष्टी सांगितल्या. परत येताना धुऱ्यावर पोचले तर दुरूनच गाडी दिसली. पिवळा दिवा, ओढणीतून गाळलेला. एवढं गोड चित्र की मी दोन मिनिटं उभीच राहिले. मग जवळ जाताना एक आवाज आला. बारीक, कर्कश, थांबून थांबून. आणि नाकाला करपलेला वास.

दार उघडलं तर बाबा शांत बसलेले. मला पाहून म्हणाले, "तुह्या फोन कवाचा वाजून राहिला. कुठं ठेवलं मले सापडून नाही राहिला."

फोन माझ्या हातात होता. वाजत होता तो भिंतीवरचा भोंगा.

"बाहेर या! आधी बाहेर या!" मी त्यांचा दंड धरून अक्षरशः ओढलं. डबा कुठे पडला तो पडला. हीटरचं बटण दाबलं, दोन्ही दारं सताड उघडली आणि वाकून खाली पाहिलं. गाडीच्या पोटाखाली चहूबाजूंनी तणस खोचलेलं. काय सुरेख खोचलेलं! एक फट नाही, वाऱ्याचा शिरकाव नाही. आणि बरोबर मधे, नळीच्या तोंडाशी, काळा डाग पडून धूर निघत होता. चार हातांवर पुंजणा. वर्षाचं धान.

"जीव घेता का बाबा माझा!" मी ओरडले. पण तोवर बाबा जमिनीवर आडवे होऊन दाताळ्याने तणस ओढायला लागले होते. मी टाकीचं सगळं पाणी कॅनने खाली ओतलं. ते ओढतात, मी ओतते. धुराने ते खोकत होते, ज्या धुराची डॉक्टरीणबाईंनी शपथ घातली होती त्याच धुराने, आणि थांबत नव्हते. शेवटची काडी बाहेर आली तेव्हा थांबले. ज्वाळ अशी उठलीच नाही. हातभर काळं तणस, चिखल, आणि आम्ही दोघं धुऱ्यावर बसलेलो.

मी त्यांची पाठ चोळत होते. बराच वेळ खोकला, मग हळूहळू उतरला. मला वाटलं आता ते चिडतील, तुमची गाडीच भिकार म्हणतील, तसं म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. ते पुंजण्याकडे पाहत म्हणाले, "इतके साल राखलो. आन् आज मीच जाळलो असतो."

"काही झालं नाही ना बाबा."

"झालं नाही. पन झालं असतं." आणि मग, "माझी जागल संपली बाई."

मला तिथे रडू आलं. त्यांना दिसू नये म्हणून मी डबा शोधायला उठले. भात मातीत सांडला होता, भाजी वाचली होती. ती आम्ही खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ जागलीला येतो म्हणाला. मी गाडी आवरत होते. पाणी सांडलेलं पुसलं, पडदे उन्हात टाकले. बाबा बाहेर होते. बैलाच्या दाव्याचा एक जुना दोर हातात घेऊन गाडीभोवती फिरत होते. या चाकापासून त्या चाकापर्यंत धरायचे, गाठ मारायचे, पुन्हा धरायचे. वाकून नळीकडे पाहायचे, आणखी गाठ. मी विचारलं, "काय करता?" म्हणाले, "काई नाही." माणूस हरला की हाताला काहीतरी चाळा लागतो, असं मला वाटलं. मी गाडी सुरू केली. ते हात न हलवता उभे राहिले, दोर खांद्यावर.

त्यानंतर वर्षभर गाडीचा विषय नाही. मी मुद्दाम काढायची. "बाबा, मनोहरने खालून जाड पत्रा आणि थर्मोकोल लावलं हो, आता वारा लागत नाही." पलीकडून, "बरं." "बाबा, नळी लांब करून मागच्या बाजूला बाहेर काढली." "बरं." मग माय फोन घ्यायची आणि चवळीच्या वेलाचं काहीतरी सांगायची. तब्येत मात्र बरी होती. खोकला नाही, जेवणही ठीक. पण मला त्या ठीक जेवणावर विश्वास बसत नव्हता. कापणी लागेल, पुंजणे उभे राहतील आणि पुन्हा तो माणूस खाटेवर बसून रस्ता पाहील, हेच डोळ्यांपुढे यायचं. आपल्या बापाला असं बसलेलं बघणं कोणाच्या वाट्याला येऊ नये.

म्हणून यंदा बाह्या उसवत होते.

फोन आला तो दुपारी, गिऱ्हाईक समोर असताना. मायचा. "तुह्या बाप विचारून राहिला, गाडी कवा आनतं म्हनून."

"कोण? काय?"

"कायले ओरडतं? गाडी. पुंजना लागला. मशीनले अजून वेळ हाये म्हनते." मग आवाज खाली करून, "आन् लवकर ये व माय. रोज शेतात जाते न् काय करते ते मले सांगत नाही."

समोरची बाई म्हणाली, "ताई, माझा ब्लाऊज?" मी म्हणाले, "आठ दिवसांनी या!" आणि शटर ओढलं. लोखंड तेवढंच गार होतं.

मनोहरने हीटर दोनदा लावून पाहिला, भोंग्याचं बटण दाबून तो वाजवून दाखवला. या वेळी तोही सोबत. साकोलीहून वळलो तेव्हा ऊन उतरत होतं. चावडीपाशी कोणी 'पेशंट कोन' विचारलं नाही. एकजण ओरडला, "जागल आली गा!" घरी थांबायचंच नव्हतं, माय दारातच म्हणाली, ते तिकडेच आहेत, सीधे जा.

धुऱ्याच्या कडेने गाडी घातली आणि मी ब्रेक दाबला. यंदा पुंजणा बांधीच्या या टोकाला होता. आणि तिकडे, बोडीच्या बाजूला, पुंजण्यापासून चांगली लांब, जमिनीचा एक लांबट तुकडा वेगळाच दिसत होता. खरडून सपाट केलेला, पाणी मारून ठोकलेला, शेणाने सारवलेला. धानासाठी खळं सारवतात ना, अगदी तसा. त्याच्यावर आणि आजूबाजूला तणसाची एक काडी नाही. चार चाकांच्या जागी चार चपटे दगड. मागच्या बाजूला, जिथे नळीचं तोंड येणार, तिथे माती पार उघडी करून कडेने विटा लावलेल्या. आणि त्या सगळ्याच्या मधे बाबा उभे. मफलर, स्वेटर, खांद्यावर तोच गाठींचा दोर.

"जवाईबापू, नळी मांगून काढली म्हनत होती ते बरोबर ना?" पहिला प्रश्न हा. ना राम राम, ना कसे आहात.

"हो बाबा, मागूनच," मनोहर म्हणाला.

"मंग बरोबर हाये. मी विटा तशाच मांडलो." मग माझ्याकडे वळून, "येऊ दे. हळू. मी सांगतो तसं."

मी गाडी मागे घेतली. बाबा हात हलवत मागे मागे सरकत होते, बैलगाडी लावतात तसे. "येऊ दे, येऊ दे... डाव्या हाताले... आता सीधा... हो! हो!" शेवटचा हो बैलांना म्हणतात तो. मी थांबले. खाली उतरून पाहिलं. चारही चाकं दगडांवर, जराही इकडेतिकडे नाही. मी दोराकडे पाहिलं, गाठींकडे पाहिलं. त्या सकाळी हरलेल्या माणसाचा चाळा बघते आहे असं मी समजले होते. हा माणूस तेव्हाच मापं घेत होता.

"काहून उभी हायेस अशी?" बाबा म्हणाले.

"काही नाही. वर्षभर नुसतं 'बरं, बरं' करत होतात. सांगता येत नव्हतं?"

"अजून जमीनच तयार नव्हती तं सांगू काय?"

सूर्य बोडीपलीकडे उतरला. वारा सुटला आणि मोहाची पानं वाजायला लागली. मायने सोबत दिलेला डबा मी ओट्यावर ठेवला, पिवळ्या दिव्याला ओढणी बांधली. बाबा आत आले, फळीवर आपल्या जागी बसले, खिडकीचा पडदा सारून पुंजणा दिसतो का पाहिलं, बाहेरच्या दिव्याचं बटण एकदा दाबून पाहिलं. मी हीटरकडे हात नेला.

"थांब," ते म्हणाले.

उठले, खाली उतरले. मागे गेले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि गाडीखाली नीट पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वाऱ्याने एक काडी उडून आली होती. ती उचलून खिशात घातली. मग सरळ होऊन, गाडीच्या पत्र्यावर थाप मारून म्हणाले,

"लाव आता."

टिकटिक सुरू झाली.